भुवईतली खाच

आठवा महिना, तीन तारीख

ही वही लाकूड कोरायच्या हत्यारांच्या नोंदीसाठी आणली होती. कुठलं पातं कधी घासलं, चेरीची कुठली फळी कधी वाळली, एवढंच तिच्यात होतं. आज वेगळं लिहितोय, कारण हे सांगायला माणूस नाही. माझ्या कोरलेल्या फळ्यांवरून चित्रं छापणाऱ्या कान्पेईला सांगावं, तर तो अख्ख्या एदो शहरात दवंडी पिटेल.

सकाळी प्रकाशकाचा नवा मुनीम बुन्शिची चित्र घेऊन आला. नवी मालिका आहे. जुन्या काव्यांतल्या पाच दरबारी स्त्रिया, पण आजच्या वेषात, आपल्या गल्लीबोळांत. हजार वर्षांपूर्वीची राणी विहिरीवर पाणी भरताना दाखवायची आणि बघणाऱ्यानं ओळखायचं, ही कोण. ओळखता आलं की गडी स्वतःवरच खूश. पहिली आहे चंद्राकडे पाठ करून बसलेली कवयित्री. चित्रात ती चहाच्या टपरीवरची पोरगी झालीय आणि चंद्राच्या जागी पाठीमागे गोल पंखा टांगलाय. डोकं आहे चित्रकाराला, नाही कशाला म्हणू?

सही आहे 'चिदोरी'. हे नाव कधी ऐकलेलं नाही.

"समोर येत नाहीत ते. जरा लाजाळू आहेत," बुन्शिची म्हणाला.

"लाजाळू? मग तो चित्रकार नव्हे, दुसराच कुणीतरी आहे."

चित्र फळीवर पालथं चिकटवलं. पाठीचा कागद बोटानं चोळून काढला, तेलाचा हात फिरवला, तशा रेघा उलट्या वर आल्या. आणि डाव्या भुवईत तांदळाच्या दाण्याएवढी खाच दिसली.

तोसेला अशीच खाच होती. सात वर्षांची असताना माझ्या पटाशीखालून ढलपी उडाली आणि तिच्या भुवईत बसली. तिथे पुन्हा केस आले नाहीत.

तोसे माझी एकुलती लेक. बायको लवकर गेली, मग आम्ही दोघंच. पाच वर्षांपूर्वी ती सेइता नावाच्या, चित्रं काढायला शिकणाऱ्या एका फुकट्या पोराबरोबर पळून गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा मी दारात उभा राहून ओरडलो, "तू मेलीस मला!" तिची तीन पत्रं आली, तिन्ही न उघडता चुलीत घातली. पुढच्या वसंतात आग लागली. ती राहायची ती गल्लीच्या गल्ली राख झाली. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही, काही नाही. मेलेल्या माणसाची मांडतात तशी मी देव्हाऱ्यात तिच्या नावाची पाटी मांडली. रोज सकाळी तिच्यापुढे भात ठेवतो.

चित्रकाराच्या कुंचल्यातला केस निसटला असेल. मी खाच बुजवून भुवई अखंड कोरली.

आठवा महिना, एकोणीस

दुसरं चित्र आलं. पुन्हा डावी भुवई, पुन्हा खाच, त्याच जागी. हातातलं पातं खाली ठेवलं.

बुन्शिचीनं निरोपही आणला होता. "चित्रकार म्हणतात, भुवई जशी काढलीय तशीच ठेवा."

"त्याला सांग, तो आईच्या मांडीवर होता तेव्हापासून मी भुवया कोरतोय."

हेही बुजवलं. बुजवायचं म्हणजे काय, तेवढं लाकूड काढायचं नाही, बस.

केस मात्र माझे. चित्रकार केसांचा नुसता आकार देतो. कपाळावरचा एकेक केस कोरणाऱ्यानं आपल्या मनानं कोरायचा असतो. आज कोरले आणि मग बघितलं, तर कानाजवळ तीन बटा सुटलेल्या. तोसेच्या सुटायच्या तशा. हात माझा, पण मी काही ते ठरवलं नव्हतं.

नववा महिना, सहा

तिसरं. नदीवर कपडे धुणारी बाई. हिचा कंबरपट्टा चांगला चार बोटं वर बांधलाय, पोट झाकल्यासारखा. आजकालच्या चित्रकारांना बाई कपडे कसे नेसते तेही धड ठाऊक नाही. भुवईत खाच आहेच. आणि कागद चिकटवण्याआधी नाकाशी नेला, तर कॅमेलियाच्या तेलाचा वास. तोसे केसांना तेच लावायची. चित्रकाराच्या कागदाला बाईच्या केसांचं तेल कुठून लागणार?

मला भीती वाटतेय. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय का? नाही.

नववा महिना, नऊ

देवळात गेलो. भटजींना सगळं सांगितलं.

"मेलेल्या माणसाला घर लागतं हो," ते म्हणाले. "तुम्ही तिला घरातून हाकललं होतं ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. दर वर्षी श्राद्धाला सांगता, आणि मग रडता."

मंत्र लिहिलेला कागद दिला. दाराच्या चौकटीवर चिकटवला. मेलेल्यानं तो ओलांडून आत यायचं नाही, असा त्याचा अर्थ. शेजारची ओसेन विचारते, "उस्ताद, सावकार मागे लागलेत का?" मी म्हटलं, हो. काय सांगणार?

नववा महिना, अठ्ठावीस

दार लावून घेतलं आणि आधी वही काढली.

संध्याकाळ होती, दिवा लावायच्या आधीची. बारीक पाऊस लागलेला. मिठाची वाटी आणि मुळा घेऊन मी दाराशीच बसलो होतो, लोणचं घालायला. समोर गल्लीच्या तोंडाशी बाई उभी. छत्री नाही. कपाळावर केस चिकटलेले. आतला लाल परकर खालून भिजून गडद झालेला. एक हात पोटावर. पोट मोठं.

पोटुशी मेलेली बाई अशीच येते. माझी आजी सांगायची, पावसात येते, कमरेखाली लाल भिजलेली, आणि कुणाच्या तरी हातात पोर द्यायला बघते. म्हणजे आगीत गेली तेव्हा तोसे एकटी नव्हती. हे मला ठाऊकच नव्हतं. मला कुणी सांगितलंच नाही!

ती दारापर्यंत आली. चौकटीवरच्या कागदाकडे वर बघितलं. मग माझ्याकडे. "बाबा" म्हणाली. आवाज तोच, जरा बसलेला.

मी मूठ भरून मीठ फेकलं. तोंडावर बसलं तिच्या. "जा!" म्हणालो. "जा गं, तुझ्या वाटेनं जा, मला सोड!" तिनं हात वर केला नाही. मीठ पुसलंही नाही. तशीच मागे मागे गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

भुतांना पाय नसतात म्हणतात. पाय बघायचे राहिलेच.

नववा महिना, एकोणतीस

सकाळी दाराशी चिखलात खडावांचे ठसे दिसले. बारीक, बाईमाणसाचे. ओसेनचे असतील, तिला दिवसातून दहा वेळा डोकवायची सवय आहे. विचारलं, तर म्हणे, "मी कालपासून पाय मुरगळून पडलेय, आणि तुम्ही आत्ता विचारताय!" मग दुसऱ्या कुणाचे तरी.

आज भात ठेवताना पाटीकडे बघवलं नाही.

दहावा महिना, चार

चौथं चित्र त्या पावसाच्या संध्याकाळच्या आधीच कोरून दिलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, खाच तीच. आज पाचवं आलं, शेवटचं. बेटावर हद्दपार झालेल्या सरदाराला आयुष्यभर पत्रं लिहीत बसलेली कवयित्री, जिची पत्रं लाटा परत आणून टाकायच्या. चित्रात ती साधी नावाड्याची बायको आहे. धक्क्यावर बसलीय, मांडीवर पत्र उलगडलंय. पत्रात सात ओळी मजकूर, मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणजे माझी परीक्षाच बघायचं ठरवलंय यांनी. सरकारी तपासनिसांचा शिक्का लागलेला आहे, म्हणजे एक अक्षरही हलवायचं नाही.

चेहरा हडकलाय. मी नजर टाळून चिकटवला.

पूर्वी चिकटवण्याआधी चित्रातला मजकूर तोसे मोठ्यानं वाचायची. ते तिचं काम. मी पातं घासत ऐकायचो, ती मध्येच थांबून कवींची टिंगल करायची, "बाबा, हा तिसऱ्यांदा रडतोय!" आता कोण वाचणार? मी स्वतः कोरताना वाचत नाही. कोरणाऱ्यानं अक्षराची कड बघायची, अर्थ नाही. अर्थात शिरलं की हात पुढच्या अक्षराकडे धावतो आणि हातातलं तुटतं. हे तिलाही मीच शिकवलंय.

दहावा महिना, अकरा

तीन दिवस फक्त पत्र. सात ओळी, एकही टोक तुटलं नाही. एकसष्टाव्या वर्षी हे करून दाखवा म्हणावं कुणी! चेहऱ्याचं भय होतं, पण अक्षरांत डोकं घातलं की भय राहत नाही. अक्षरं बिचारी काही बघत नाहीत आपल्याकडे.

दहावा महिना, सोळा

फळी झाली. बुन्शिची न्यायला आला.

"उस्ताद, पत्र वाचलंत ना? चित्रकारांनी मला तीनदा बजावलंय, तेवढं विचार म्हणून."

"मी कोरतो. वाचायला गिऱ्हाईक आहे."

"तरी पण..."

"त्याला माझ्या हाताची शंका असेल, तर त्यानं स्वतः कोरावं. जा आता, कान्पेईकडे टाक."

बिचारा फळी उचलून गेला. कान्पेई कंबर धरून पडलाय, म्हणजे छपाईला अजून आठवडा लागणार. मला काय त्याचं, माझं झालं.

दहावा महिना, वीस

आज सकाळपासून देवळात. तोसेच्या आणि तिच्या पोटातल्या जीवाच्या शांतीसाठी पाठ करवून घेतला. मीही शेवटपर्यंत बसलो, पाय बधिर झाले तरी उठलो नाही. मनात एकच, बाई गं, आता जा, मला सोडून पुढे जा. दुपारची घंटा झाली आणि एकदम छातीवरचं ओझं उतरलं. खरंच सांगतो, मला कळलं की ती गेली.

येताना भाजलेली रताळी घेतली. बऱ्याच दिवसांनी चव लागली.

दहावा महिना, चोवीस

कान्पेईची कंबर बरी झाली. सकाळी त्याच्याकडे गेलो. त्यानं पहिली प्रत काढून दोरीवर टाकली होती आणि डोळ्याला चष्मा लावून पत्र वाचत होता. हसत होता.

"इवाझो, अरे ही कसली दरबारी बाई रे? म्हणे शिनागावाला चहाच्या टपरीत बसेन!"

"काय?"

"ऐक तर. 'तुम्ही पत्रं जाळता, म्हणून हे चित्रात लिहिते. लाकडाला चिकटवलेला कागद तुम्ही जाळत नाही. वीस तारखेला आम्ही दक्षिणेच्या रस्त्यानं ओसाकाला निघतोय. शिनागावाच्या पहिल्या चहाच्या टपरीत दुपारच्या घंटेपर्यंत बसेन...' चांगली गंमत केलीय. 'घरात माझ्या नावाची पाटी आहे असं ऐकलं होतं. दारावरचा कागद परवा पाहिला. मिठाचा राग नाही...'"

इथे त्याचं हसू थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मीठ फेकल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड बघून त्याला काय कळायचं ते कळलं. शेवटची ओळ त्यानं हळू वाचली.

"'पण मी खरंच मेलेली हवी असेन तर येऊ नका. मी समजेन.'"

दोरीवरची प्रत अजून ओली होती. मी हातात घेतली, शाई बोटांना लागली. एकेक अक्षर मीच कोरलेलं. तीन दिवस त्या अक्षरांत नाक खुपसून बसलो होतो.

तोसे जिवंत आहे. हे तीन शब्द लिहायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला.

दहावा महिना, पंचवीस

शिनागावाला गेलो, चालत. टपरीवाली बडबडी निघाली, बरं झालं.

"बसली होती ना! सकाळी उघडलं तेव्हाच आली. दिवस भरत आलेले, अशा अवस्थेत प्रवास करतात का हो कुणी? रस्त्यानं कुणी म्हातारा दिसला की उठून उभी राहायची. घंटा झाली तसा नवरा म्हणाला, चल. तर म्हणते, थोडं थांब, बाबांचे गुडघे दुखतात, चालायला वेळ लागतो त्यांना. मग आणखी बराच वेळ बसली. तुम्ही कोण तिचे?"

ती जिथे बसली होती त्या बाकावर बसलो. चहा आला, तो तसाच थंड झाला.

परतताना बुन्शिचीला गाठला. चिदोरी म्हणजे सेइता, हे त्याला ठाऊक होतं, पण सेइता माझा कोण हे नव्हतं. तो इथे नवा, त्याला कोण सांगणार? सेइता त्याला एवढंच बोलला होता, की सासऱ्यांनी बायकोला जिवंतपणी पाटीवर घातलंय, तरी तिचा जीव तुटतो. आगीनंतर ती इकडे यायला निघाली होती, तेव्हा कुणीतरी पाटीचं सांगितलं. तिला वाटलं, बाबांनी "मेलीस" म्हटलं होतं ते देवासमोर पक्कं केलं. ओसाकाचा पत्ता? "पोचले की कळवतो म्हणाले." मुलुख एवढा मोठा, आणि पत्ता नाही.

दहावा महिना, सत्तावीस

फळी कान्पेईकडून परत आणली. लाकडात चूक झाली तर तेवढाच तुकडा कापून काढतात, तिथे नवा तुकडा पाचरीसारखा ठोकून बसवतात आणि पुन्हा कोरतात. मी मांडीवरच्या पत्राची जागा मोकळी केली.

कान्पेई समोर बसून राहिला. "शिक्का बसलेला मजकूर आहे, इवाझो. बदललास तर हातकडी पडेल."

"पडू दे."

"ती प्रत तिच्यापर्यंत पोचेल कशावरून?"

"ओसाकाला गठ्ठे जातात ना? नवऱ्याची पहिली मालिका आहे. दुकानात टांगलेली दिसली तर ती बघितल्याशिवाय राहील का?"

"आणि नाही बघितली तर?"

मी पात्याला धार लावायला घेतली. तो गेला नाही, भिंतीला पाठ टेकून बसून राहिला आणि मधूनमधून कोळसे सारत होता.

कागदावर लिहिलं, पालथं चिकटवलं. चिकटवण्याआधी मोठ्यानं वाचलं. असं लिहिलंय: 'तू मेलीस असं खरंच वाटलं होतं, म्हणून पाटी केली. भूत समजून मीठ फेकलं. पत्र उशिरा वाचलं. पाटी जाळली. दार उघडं आहे. पोराला घेऊन ये.'

या वेळी कोरताना एकेक शब्द वाचत गेलो. दोन टोकं तुटली. तुटू देत.

पाटी काल संध्याकाळीच चुलीत घातली. तिच्यावर पाणी तापवलं आणि आज त्याच पाण्यात लाकडाचा तुकडा भिजवला.

अकरावा महिना, दोन

बाकीच्या चारही फळ्या मागवल्या. पाचही भुवयांत खाच पाडली. एकेकीला पात्याचा एक टोचा पुरला. तीन महिने जी बुजवत होतो, ती एवढ्याशा कामात परत आली. लहानपणी पाडली तेव्हा चुकून लागली होती, आज मुद्दाम, नेम धरून पाडली, आणि पाडताना तिची माफी मागितली.

अकरावा महिना, वीस

कान्पेईनं छापलेली मालिका दुकानात लागली आणि कुणीतरी शिक्क्याची मूळ प्रत शेजारी धरून बघितली. दुकानातल्या प्रती उचलून नेल्या. पण दोन गठ्ठे आधीच दक्षिणेच्या रस्त्याला लागले होते, बुन्शिचीनं हळूच सांगितलं. चौकीत म्हणालो, लाकूड मी बदललं, छापणाऱ्याला आणि दुकानाला काही ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी? म्हटलं, पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्यानं वेड्याकडे बघावं तसं बघितलं. पन्नास दिवस हातकडी, घरातच.

बारावा महिना, अठरा

मनगटं एकत्र अडकवलेली. एवढं लिहायला अर्धी सकाळ गेली. ओसेन भात भरवते आणि वर बोलते. "उस्ताद, या थंडीत दार सताड उघडं! बर्फ आत येतंय. लावून घेऊ का?"

"नको. राहू दे."

"का पण?"

"हात बांधलेत. कुणी आलं तर मला पटकन सरकवता येणार नाही."

चौकटीवरचा कागद तिच्याकडूनच काढून घेतला. गोंदाचा चौकोनी डाग राहिलाय तेवढा. मिठाची वाटीही तिला देऊन टाकली, अळणी खातोय. दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो. गल्लीच्या वळणावर कुणी बाई दिसली की आधी पाय बघतो.